चंदेरीचं दुसरं टोक

लश्कर शहराच्या टोपी बाजारात, भर दुपारी, पद्माला दम्याची उबळ आली आणि समोर दिसली त्या पायरीवर ती टेकली. सोबतची आत्या पाणी आणायला धावली. दुकान पगड्या बांधणाऱ्या पगडबंदाचं होतं. दसऱ्याचा दरबार जवळ आलेला, आणि आत त्याचा मुलगा मधुसूदन एकटाच चंदेरी कापडाची लांबलचक पट्टी पिळत बसला होता. त्याने पट्टीचं दुसरं टोक तिच्या हातात दिलं.

"धरा. मी एक पेच घालतो, तेवढा वेळ श्वास सोडा. आराम से... कोणी मागे लागलेलं नाही."

चाळीस पेच झाले, पगडी बसली आणि पद्माचा जीव भांड्यात पडला.

वैद्यबुवांनी बजावलंच होतं: अर्धं काम औषधाचं, अर्धं मनाचं, राग नको, धसका नको. मग दर गुरुवारी औषध घेऊन परतताना आत्याला समोर बांगड्यांच्या दुकानात गुंतवून पद्मा टोक धरायला जाऊ लागली. औषधापेक्षा तिला तेच लागू पडत होतं. हे तिने कोणाला सांगितलं नाही.

आणि या गुरुवारी ते टोक दुर्गाच्या हातात होतं. दुर्गा हजीरा भागातल्या सरदारांची मुलगी, भावाच्या लग्नाची पगडी न्यायला आलेली. चांगली धडधाकट, आणि हसायला लागली की थांबायचं नाव नाही. एवढं हसून मेलीला धापसुद्धा लागत नव्हती. पद्माच्या अंगाचा तिळपापड झाला, छातीत शिट्टी वाजू लागली.

मधुसूदन उठलाच. "बसा आधी. श्वास सोडा."

"तिलाही... असंच सांगता?"

"घ्या बाई तुमचं टोक," दुर्गा म्हणाली. "हे तिसऱ्यांदा पगडी सोडून पुन्हा बांधतायत. भावाला काय उघड्या डोक्याने घोड्यावर बसवू?" आणि ती बांगड्या बघायला निघून गेली.

मधुसूदनचे कान लाल झाले. "माझ्या हातांना तुमच्या श्वासाची सवय लागलीय. दुसरं कोणी टोक धरलं की पेच घाईत पडतात, सैल होतात. महिन्यात चार पगड्या परत आल्या. बाबा विचारतात, लक्ष कुठे असतं तुझं... काय सांगू त्यांना?"

"नाव सांगा."

"कोणाचं?"

"माझं."

तिने टोक उचललं. पहिला पेच पडला, तसा तिने श्वास सोडला, अगदी सावकाश. दमा काही कुठे जाणार नव्हता. पण आज तिलाही घाई नव्हती.

"आणि हे टोक," पाचव्या पेचाला ती म्हणाली, "पुन्हा कोणाला देऊ नका."