पंपाचा वेग

पंपाला कान लावून एक अनोळखी माणूस उकिडवा बसलेला पाहून ती थबकली.

"पेशंटची नाडी बरी आहे ना?"

तो दचकून उठला. कानाला ग्रीस लागलं होतं. "धावतेय जरा जास्तच. कोण पळवतंय याला?"

"मी."

तो मुख्य कचेरीतून आला होता, गॅस वाळवायला इंधन किती जळतं ते मोजायला. जमिनीतून येणाऱ्या गॅसमध्ये पाणी असतं. ते शोषून घेतं ग्लायकॉल नावाचं द्रव, मग ग्लायकॉल उकळून पाणी उडवायचं आणि तेच पंपाने पुन्हा फिरवायचं. जितकं जास्त फिरवाल, तितकं जास्त उकळावं लागतं. आकडा फुगला तर हे जुनं युनिट मोडीत निघणार, त्याच्या जागी पाणी शोषणाऱ्या दाण्यांच्या टाक्या येणार आणि तिची बदली होणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

दोन दिवस तिने त्याला ताकास तूर लागू दिली नाही. तिसऱ्या दिवशी, बुधवारी दुपारी, तो समोर डबा उघडून बसला आणि त्याने काही विचारलंच नाही... तेव्हा तीच बोलून गेली.

"तीन वर्षांपूर्वी माझ्या ड्युटीत ओला गॅस पुढे गेला. लाइन बर्फासारखी गोठून तुंबली. कुणाला इजा झाली नाही, पण... तेव्हापासून गरजेच्या दुप्पट फिरवते मी. लिहा अहवालात."

त्याने डब्याला झाकण लावलं. "आधी कमी करून बघू. मी शेजारी बसतो."

गुरुवारी सकाळपासून पंप थोडा थोडा उतरवला. दर वेळी तिचा जीव टांगणीला — आणि तो मात्र तिच्याकडेच बघत होता.

"ओलाव्याचा मीटर तिकडे आहे."

"माहीत आहे."

तीन वाजेपर्यंत पंप निम्म्यावर आला. गॅस कोरडाच. ती मटकन खुर्चीत बसली, हसता हसता डोळे पुसू लागली. तीन वर्षांचं ओझं उतरलं होतं.

"युनिट राहतंय," तो हळूच म्हणाला. "ते दाणे तापवून सुकवायला याहून जास्त इंधन लागेल. तसंच लिहितो."

"म्हणजे तुमचं काम संपलं."

"मोजणी मंगळवारीच संपली होती."

"मग थांबलात का?"

"साहेबांना सांगितलं, पंप इतका का धावतो ते कळत नाही."

"आणि खरं?"

"खरं सांगायला... शनिवार लागेल."

"शनिवारी मला ड्युटी आहे."

त्याचा चेहरा पडला.

"रविवारी नाही," ती म्हणाली. "आणि मला अहो-जाहो नको."

"बरं," तो म्हणाला. "मग... किती वाजता येऊ, सांग."