चंद्रावरचा ओढा

सोमवाडी या चांद्रवसाहतीच्या सभागृहात तालीम चालू होती. दहा वर्षांची जुई मंगसुळे कापडी ओढ्याच्या काठावरून उडाली, मधल्या खडकावर उतरली आणि तिथलं करडू तिनं काखेत मारलं. समोर बसलेली मुलं खो खो हसली.

"हसताय काय?" तालीम घेणारे सदानंद खोपकर ओरडले. "सगळ्यात भीतीचा प्रसंग आहे हा!"

"आजोबा, एवढी उडी तर माझा धाकटा भाऊ मारतो," मागून कोणीतरी म्हणालं, आणि पुन्हा हशा झाला.

'तानीची उडी' ही मुलांची कादंबरी खोपकरांच्या पत्नीनं, वनमालाबाईंनी, पृथ्वीवर असताना लिहिली होती. पुरात ओढ्यामधल्या खडकावर एक करडू अडकतं आणि ते आणायला तानी उडी मारते. काठावर उभा असलेला सगळा गाव तिला सांगत असतो, तुला जमायचं नाही. वनमालाबाई गेल्या वर्षी सोमवाडीतच वारल्या. इथल्या मुलांनी आपल्या गोष्टीचं नाटक करावं, ही त्यांची इच्छा होती. नाटक खोपकरांनी लिहिलं. त्यांना लिहिण्याची सवय नव्हती. त्यांनी पुस्तकातले संवाद उतरवले, वर्णन गाळलं आणि घटना होत्या तशाच ठेवल्या.

तालीम संपल्यावर डॉ. नसीम मुजावर त्यांच्याशेजारी येऊन बसल्या. त्या भौतिकशास्त्रज्ञ होत्या आणि वसाहतीची सुरक्षा त्यांच्याकडे होती.

"काका, उद्या कार्यकारी मंडळ प्रयोगाला येणार. मुलं अशीच हसली तर नाटक बंद करतील. ओढा काढा ना. हवा गळणारी खोली घ्या. त्याला इथं सगळे घाबरतात."

"वनमालेनं ओढा लिहिलाय."

"पृथ्वीवर बसून लिहिलाय."

"मग जुईला शिशाचा अंगरखा घालू. तिचं वजन पृथ्वीवरच्याइतकं करू. मग बघू कोण हसतं."

नसीमनं मान हलवली. "वजन म्हणजे चंद्र आपल्याला खाली ओढतो ते. ते इथं पृथ्वीच्या एक षष्ठांश. पण वस्तुमान, म्हणजे अंगात जेवढा पदार्थ आहे तो, तेवढाच राहतो. वजन सहापट करायला वस्तुमानही सहापट करावं लागेल. तेवढा बोजा घेऊन ती एकदा हलली की तिला थांबवणार कोण?"

"पाय रोवून थांबेल."

"पाय कशाच्या जोरावर रोवतो आपण? वजनाच्या. पाय जमिनीवर जितका दाबला जातो तितकीच पकड. इथं शिसं नसतानाही वेग मोडायला पूर्ण वस्तुमान आणि धरायला सहावा हिस्सा पकड. म्हणून तर सगळ्यांच्या पायांत पकडबूट. तळव्याचे आकडे जमिनीवरच्या पट्टीत अडकतात. ते नसले तर माणूस घसरत जाऊन भिंतीवर आपटतो. शिसं घातलंत तर आकडेच तुटतील, आणि आपटणं सहापट."

"मग नाटक आहे तसंच होईल."

"आणि बंद पडेल."

"पडू दे. तिचं पुस्तक जो तो सुधारायलाच बसला होता. प्रकाशकाला तानीच्या जागी मुलगा हवा होता. तेव्हा तिनं ऐकलं नाही, आता मी ऐकणार नाही."

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं. मंडळाचे सभासद पहिल्या रांगेत होते, मुलं मागं. ओढ्याचा प्रसंग आला तेव्हा मागं आधीच खुसखुस सुरू झाली होती. काठावरचे गावकरी ओरडले, "ताने, तुला जमायचं नाही!"

जुई काठावर आली आणि खाली बसली. तिनं एका बुटाचा पट्टा ओढला, मग दुसऱ्याचा. बूट काढून तिनं शेजारी ठेवले.

खुसखुस थांबली.

"हे काय करतेय ही?" विंगेत नसीम म्हणाल्या. "हे नाटकात नाही."

"पुस्तकात आहे," खोपकर म्हणाले. त्यांना ओळ आठवली. 'तानी अनवाणीच घरातून निघाली.' त्यांनीच ती गाळली होती. त्यांच्या गावात सगळीच पोरं अनवाणी असत, त्यात सांगण्यासारखं काय? पण चंद्रावर जन्मलेल्या जुईनं पुस्तक वाचलं होतं, आणि तिला पहिल्याच पानावर धडकी भरली असणार.

नसीम पुढं निघाल्या. खोपकर आडवे आले.

"सरका काका! खडकावर थांबली नाही तर समोरच्या भिंतीवर जाईल."

"ती धावत नाहीये, नसीम. बघ तरी."

नसीमनं पाहिलं. जुई काठावर स्थिर उभी होती, गुडघे वाकवून. "उंच जाणार," त्या पुटपुटल्या. "जवळजवळ सरळ वर. पुढचा वेग जितका कमी, तितकं कमी घसरणं." त्यांनी खोपकरांचा दंड घट्ट धरला, पण पाऊल उचललं नाही.

जुई वर गेली, वरच्या दिव्यांपर्यंत, आणि तिथून हळूहळू खाली येऊ लागली. पृथ्वीवर ही उडी कधीच संपली असती. इथं सगळ्यांना तिच्याकडे बघत बसावं लागलं. मंडळाच्या अध्यक्षबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या होत्या. गावकरी झालेली मुलं पुढचं वाक्य विसरली.

तळवे खडकाला टेकले आणि सरकले. डाव्या पायाची बोटं कडेच्या बाहेर गेली. जुईनं हात पसरले. ती डुलली, पुन्हा डुलली, आणि उभी राहिली.

टाळ्या वाजल्या नाहीत. तिनं करडू उचलून काखेत घेतलं आणि काठाकडे वळली. तिचे बूट त्या काठावर होते. मागच्या रांगेतून एक लहान मुलगी रडवेल्या आवाजात ओरडली,

"ताने, आता परत कशी येशील गं?"

जुईनं गुडघे वाकवले.

"आले तशी," ती म्हणाली.