पैलवानाचं ट्रेडल मशीन

खोटं वाटलं तर आमच्या खिळेकाकांना खोटं म्हणा. मी आपली ऐकलं तसं सांगतेय.

हे माझ्या सासऱ्यांचे काका. परक्या सरकारने बंदी घातलेल्या एका साप्ताहिकाचे खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायचे, म्हणून खिळेकाका.

छापखाना तळघरात. नियम एकच. अंक छापून झाला, की जुळवलेले खिळे लगेच सुटे करून खणांत टाकायचे. पुरावाच उरता कामा नये.

त्या शुक्रवारी, भर दुपारी, काकांना भूक आवरेना.

"जेवून येतो, मग खिळे सोडतो."

"जा बाबा, वहिनी लाटणं घेऊन इथं यायच्या आत जा," पायाने ट्रेडल मशीन चालवणारा पैलवान हसला.

काका परतले, तर दाराशी पोलीस. ते समोरच्या जिन्याखाली दडले.

सगळं ऐकू येत होतं.

"कुणी जुळवलं हे?"

"मी."

पैलवानाला अक्षरओळखसुद्धा नव्हती.

"मग जुळव एक ओळ!"

खिळे नुसते खळखळले, ओळ जुळेना.

खरं नाव काढायला पोलिसांनी त्याचा उजवा हात मशीनच्या जबड्यात घातला आणि पायटा दाबला.

पुन्हा दाबला.

हाडं कडकडली. काकांचं नाव मात्र फुटलं नाही.

तिसऱ्या दिवशी पैलवान गेला.

महिन्याभराने दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या मशीनवर अंक निघायचा होता. काकांनी पैलवानाची बातमी जुळवली. शेवटी लिहिलं, खिळे मी सोडले नव्हते. खाली स्वतःचं पूर्ण नाव.

"फासावर जायची हौस आलीय का?" संपादक ओरडले.

"साहेब, त्याचा हात चेचत होते तेव्हा मी पोटभर जेवून जिन्याखाली दडलो होतो."

संपादक बाहेर पहाऱ्याला गेले.

काका मागे शाई कालवत होते. तेवढ्यात...

खट्... ढप्. खट्... ढप्.

मशीनपाशी कुणीच नव्हतं.

पायटा खाली-वर होत होता. कागद आत जात होते... बाहेर पडत होते.

मशीन थांबवायला काकांनी पायट्यावर पाय रोवला. खाडकन घोटा मोडला.

मग सगळं थांबलं.

एकूण एक प्रत छापून तयार. कबुली स्वच्छ. फक्त नावाच्या जागी... लालसर काळा डाग. तेवढेच खिळे चेचून सपाट. शेजारचे शाबूत.

ज्याला एक अक्षर येत नव्हतं, त्याला नाव नेमकं कसं सापडलं?

अंक वाटले गेले. काका कधीच पकडले गेले नाहीत.

म्हातारपणी लंगडत यायचे आणि विचारायचे, "सूनबाई, त्याने मला वाचवलं, की माफी मागूच दिली नाही?"

"वाचवलं हो," मी दर वेळी म्हणायचे.

पण घोटा मोडून कुणी वाचवतं का...