तोडून ये

"हा बोर्ड रंगवणारा पेंटर कुठे आहे?"

तिनं शिडीवरून खाली पाहिलं. बागेचा माळी उभा होता. काखेत तिनंच काल रंगवलेला पहिला बोर्ड, आणि चेहरा असा, की आता शिडीच ओढेल.

"पेंटर मीच. काय झालं?"

"वाचा."

तिनं वाचलं आणि हातातला ब्रशच गळून पडला. लिहायचं होतं 'फुले तोडू नये'. पण 'न' अलीकडे चिकटला होता. ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं — 'फुले तोडून ये'!

"लोक भलतेच आज्ञाधारक निघाले. गुलाबाचा वाफा साफ! आणि काय हो… ओळख ना पाळख, एकदम अरे-तुरे?"

तिला हसू आलं आणि रडूही. बाबांचा हात थरथरायला लागल्यापासून ब्रश तिच्याकडे आला होता. गावाच्या मधोमध असलेली ही बाग दीड महिन्यानं शंभर वर्षांची होणार होती. नगरपालिकेच्या साहेबांना छापील बोर्ड हवे होते. तिनं हातापाया पडून हे काम मिळवलं होतं.

तेवढ्यात साहेबच आले. "गुलाब कुठे गेले?"

माळ्यानं बोर्ड पाठीमागे लपवला. "छाटणी काढलीय, साहेब. सोहळ्याला दुप्पट फुलतील."

साहेब गेले, आणि थाप खरी करायला तो कात्री घेऊन वाफ्यात शिरला. ती बघतच राहिली.

मग प्रत्येक बोर्ड तो अक्षर-अक्षर लावून वाचू लागला.

"आता तरी बरोबर आहे ना?"

"बोर्ड बरोबर आहे. पेंटरीणबाईंच्या नाकावर तेवढा हिरवा रंग आहे…"

नाक पुसायला ती मुद्दाम वेळ लावायची.

सोहळ्याच्या सकाळी गुलाब खरंच दुप्पट फुलले. चाळीस बोर्ड उन्हात झळकत होते. साहेबांनी सगळ्यांसमोर बाबांना सांगितलं, "गावातल्या सगळ्या बागांचे बोर्ड आता तुमची लेकच रंगवणार." बाबांची मान ताठ झाली. तिला आभाळ ठेंगणं झालं.

आणि समोरून माळी आला. हातात एक लाल गुलाब. फुलाला नुसता हात लावला तरी अंगावर येणारा माणूस!

"तुम्ही फूल तोडलंत? बोर्ड वाचता येत नाही?"

"येतो की." त्यानं पाठीमागून तो जुना, चुकलेला बोर्ड पुढे केला. तो त्यानं जपून ठेवला होता. "तुम्हीच लिहिलंय… तोडून ये. आलो."

तिचे कान लाल झाले. बाबा बघत होते, साहेब बघत होते. बघू देत! तिनं गुलाब घेतला.

"किती उशीर केलास रे!" ती म्हणाली.