तोमिनागाबाईंचं कोरं पत्र

"कोरं! हेही कोरंच!" मोरिताकाकांनी पोस्टकार्ड चटईवर टाकलं. "पत्ता सुबक अक्षरात, आणि मागे काहीच नाही!"

"मलाही तसंच आलंय," बाबा म्हणाले. "तोमिनागाबाईंना आता काही आठवत नाही, दुसरं काय! त्यांच्या ओसाकाच्या पुतण्याला आजच कळवू, बाईंना घेऊन जा म्हणून."

कोपऱ्यात वाचत बसलेल्या चिझुरुने पुस्तक मिटलं. बाबांना आणि काकांना लहानपणी शिकवणाऱ्या बाई टेकडीवरच्या बंद पडलेल्या शाळेत आता मुलांसाठी वाचनालय चालवत. त्या गेल्या तर तेही बंद!

मोठी माणसं चहाला वळली, तशी धाकट्या मामोरुने दोन्ही कार्डं उचलून खिडकीशी तिरकी धरली.

"ताई, कागद सुरकुतलाय बघ. ओळीओळीने!"

"पाण्याने लिहिलंय की काय?" शेजारची नात्सुए म्हणाली.

"पाण्याने कशाला लिहितील? संत्र्याचा रस असेल! नाहीतर दूध!" चिझुरुचे डोळे चमकले. "आधी करून बघू."

नववर्षाच्या सुट्टीत घरात संत्र्यांची टोपली भरलेली होतीच. तिघांनी कागदाच्या तीन तुकड्यांवर काडीने लिहिलं. एकावर संत्र्याचा रस, दुसऱ्यावर दूध, तिसऱ्यावर कांद्याचा रस. वाळल्यावर तिन्ही कोरे! मग कोळशाच्या शेगडीवर वीतभर उंच धरले. हळूहळू तपकिरी अक्षरं उमटली. 'मामोरु माकड आहे.'

"हे कुणी लिहिलं?" मामोरु ओरडला.

"कांद्याने!" नात्सुए म्हणाली. "पण असं का होतं गं?"

"रसातली साखर कागदाच्या आधी करपते. म्हणून अक्षर काळवंडतं, कागद पांढराच राहतो," चिझुरु म्हणाली.

"मग आता खरं कार्ड!" मामोरुने मोरिताकाकांचं कार्ड घाईने अगदी निखाऱ्यांजवळ नेलं. भस्सकन कोपरा पेटला!

"अरे गाढवा!" चिझुरुने फुंकर मारून ते विझवलं. अर्धं कार्ड गेलं होतं. उरलं एकच, बाबांचं. ते तिने उंच धरलं, सारखं हलवत ठेवलं. हात भाजत होते, पण अक्षरं येत होती.

'तीन तारखेला दुपारी बारा वाजता शाळेत या. सगळ्यांसाठी नववर्षाची तांदळाची मोची भाजते.'

"आज तीनच तारीख!" नात्सुए किंचाळली. घड्याळात साडेबारा वाजले होते.

चिझुरु कार्ड घेऊन धावली. बाबांनी वाचलं आणि त्यांचा चेहरा लालेलाल झाला. "चौथीत असताना... ही युक्ती बाईंनीच शिकवली होती आम्हाला!"

पाचही जण धापा टाकत टेकडी चढले. वर्गात शेगडी धगधगत होती, तीस जुन्या विद्यार्थ्यांसाठी तीस वाट्या मांडलेल्या होत्या, आणि बाई एकट्याच दाराकडे बघत बसल्या होत्या.

"बाई, चुकलं आमचं," बाबा मान खाली घालून म्हणाले. "आम्ही तुमच्या पुतण्याला कळवणार होतो. वाटलं, तुम्हाला आता आठवत नाही."

"अस्सं!" बाईंनी चष्मा सारखा केला. "आणि वाचलं कुणी?"

बाबांनी मुलांना पुढे ढकललं. "या तिघांनी."

"आधी दुसऱ्या कागदावर करून पाहिलंत?"

"हो, बाई. तीन प्रकारांनी!"

"शाबास! असंच शिकायचं असतं." बाईंनी तिघांच्या वाट्यांत भाजलेली मोची वाढली. मग बाबा आणि काकांकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही दोघं आधी खाली जा. बाकीच्या अठ्ठावीस जणांना बोलावून आणा. आणि प्रत्येकाला सांगा, बाईंचं डोकं ठिकाणावर आहे, तुमचेच डोळे तपासून घ्या!"