माळावर मारायचं पाणी

सरका जवळ, आणि ते मोबाइल खिशात घाला. शहादेवचं घर आमच्या भिंतीला लागून, म्हणून मला हे ठाऊक. नाहीतर तो कुणाला सांगायचा नाही.

लिंबागणेशच्या वरच्या अंगाला सैन्याचा तळ आहे, नव्या पोरांना हेलिकॉप्टर शिकवायचा. तळाबाहेरच्या उघड्या माळावर ती पोरं उतरायचा सराव करतात. त्याआधी तिथं टँकरनं पाणी मारावं लागतं. कोरड्या जमिनीवर पंख्याचा वारा आला की असा फुफाटा उठतो, चालवणाऱ्याला खालचं काही म्हणून दिसत नाही. हे काम विठ्ठलरावांनी घेतलेलं, आणि त्यांचा टँकर चालवायचा शहादेव.

होळीनंतर एक दिवस विठ्ठलराव म्हणाले, "शहाद्या, आजचं पाणी आपल्या मोसंबीला सोड. वहीत लिही, माळावर मारलं."

"मालक, पोरं उतरायची हायेत."

"एका दिवसानं काय आभाळ पडतंय बे?"

आभाळ जागेवर राहिलं. माजलगावचा सोमेश्वर तेवढा पडला. चोवीस वर्षांचा, त्या शिकणाऱ्या पोरांतला; धुळीत हेलिकॉप्टर आदळलं, एकटाच होता आत, जागीच गेला.

चौकशीला साहेब आले, वही बघितली, शहादेवला विचारलं. तो म्हणाला, "मारलं व्हतं." मग चूक पोराचीच ठरली. तसा कागद त्याच्या आईला गेला.

पाडव्यानंतर तिसऱ्या दिवशी ती माउली, वनमालाबाई, शहादेवच्या दारात आली. चहा नको, पाणी नको. "दादा, एवढंच सांगा. पाणी मारलं व्हतं का? माझं लेकरू असं चुकणारं न्हवतं."

आम्ही सगळे भिंतीपलीकडं कान लावून. शहादेवनं मान वर केली नाही. "मारलं व्हतं, ताई."

बाई आल्या पावली परत गेली.

त्याच रात्री, पावणेनऊला, शहादेव भरला टँकर घेऊन माळावर निघाला. सकाळी सराव पुन्हा सुरू होणार होता, टँकर तिथंच उभा ठेवायचा होता. पोचला. इंजिन बंद केलं. पाण्याचा मागचा कॉक बंद, त्याला कुलूप, किल्ली खिशात. बिडी काढली. काडी लागली.

काडी विझली.

वारा नव्हता... पान हलत नव्हतं.

मग वरून आवाज आला. फट्... फट्... फट्... त्यानं आभाळात बघितलं. दिवा नाही. काही नाही. नुसता आवाज. खाली, अजून खाली. धूळ उठली. डोळ्यांत, नाकात, तोंडात. टँकर दिसेना. स्वतःचा हात दिसेना.

डोक्यावरून कुणीतरी बोललं. अगदी जवळून.

"काका..."

शहादेवनं दोन्ही हातांनी डोकं झाकलं.

"काका... खाली काईच दिसंना..."

फक्त पंखा. फट्... फट्...

"न्हाई मारलं!" शहादेव ओरडला. "न्हाई मारलं रे लेकरा! मोसंबीला सोडलं!"

आवाज थांबला. एकदम.

दोन कोस तो अनवाणी पळत आला. आमच्याच ओट्यावर येऊन पडला, धापा टाकत सगळं सांगितलं. त्याच्या पापण्यांवरची धूळ मी माझ्या उपरण्यानं पुसली.

उजाडता विठ्ठलराव बोंबलत आले, टँकर रिकामा कसा म्हणून. आम्ही गेलो. कुलूप जागेवर. किल्ली शहादेवच्या खिशात. टँकर ठणठणीत कोरडा.

विठ्ठलरावांनी त्याला बाजूला घेतलं. "त्वांड उघडलंस तर तू बी अडकशील. लेकराबाळांचा इचार कर."

शहादेवनं केला विचार. माळाला ओरडून सांगितलं ते साहेबांना आजवर सांगितलं नाही. माजलगावात तो कागद अजून तसाच आहे.

त्या सकाळी मी मात्र माळावर पुढं जाऊन बघितलं, मला राहवत नाही. सगळी जागा गोल, नीट भिजलेली. चिखलात माणसाचं पाऊल नाही, चाक नाही. अन् मधोमध दोन कोरड्या पट्ट्या, शेजारी शेजारी, सरळ. वीतभर रुंद, चार-पाच पावलं लांब. हेलिकॉप्टर ज्या दोन दांड्यांवर टेकतं, तेवढ्याच.

हात लावला. गरम होत्या.