गुलाबी पेपरचं गिऱ्हाईक

शहापूरच्या एसटी स्टँडबाहेर आमचा पेपरचा स्टॉल. त्या सकाळी सगळे मराठी पेपर खपले होते आणि गठ्ठ्यात चुकून आलेला एक गुलाबी अंक तेवढा उरला होता. इंग्रजी, शेअर बाजाराचा. मुरबाडच्या गाडीतून उतरलेला एक सावळा पोरगा समोर आला.

"पेपर द्या."

"हाच उरलाय. झेपेल तुमाला?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं… जरा जास्तच वेळ. "झेपेल की."

दुसऱ्या दिवशी मराठी पेपर ढीगभर होते. तरी म्हणाला, "कालचाच द्या."

"कालचा शिळा झाला."

"मग ताजा द्या. पण गुलाबीच."

तेव्हापासून मी तो एक अंक फक्त त्याच्यासाठी मागवू लागले. नाव भाविक. सिद्धगडाखालच्या गावचा, इथल्या गोदामात कामाला.

"काय शेठ, बाजार चढला का?" मी विचारायचे.

"तू हसलीस का चढतो."

मग मी मुद्दाम तोंड फिरवून हसायचे. थंडीत सुट्टे देताना बोटाला बोट लागायचं आणि… असो.

मला त्याचा फोन नंबर हवा होता, पण मागायला जीभ रेटत नव्हती. तेवढ्यात त्याच पेपरनं मोबाइलवरचं अ‍ॅप काढलं. वर्गणीदार आम्ही विक्रेत्यांनी मिळवायचे, आणि नोंदणीला नंबर लागतो! मला आयतंच निमित्त मिळालं.

"घेऊन टाक," मी म्हटलं. "पहाटेच फोनवर पेपर. इथवर यायला नको."

ते शेवटचं वाक्य माझं नव्हतं, कंपनीच्या जाहिरातीतलं होतं. भाविकनं हातातल्या पेपरची घडी घालून तो काखेत मारला. मग त्यानं नंबर सांगितला, आणि दुसऱ्या दिवसापासून स्टँडच्या अलीकडच्या नाक्यावरच उतरू लागला. नंबर माझ्याकडे होता. पण मीही हट्टी. आधी तो येऊ दे, म्हणून बसून राहिले.

वर्षानं मोबाइलवर निरोप आला : तुमच्या वर्गणीदाराची मुदत संपत आली, आठवण करा. मी फोन लावला.

"मनस्वी बोलते, स्टॉलवरची. अ‍ॅपची मुदत संपते आहे."

"राहू दे गो. एकदा पण उघडलं नाय. मला कुठं एवढं इंग्रजी येतंय."

"मग रोज पेपर कशाला घेत होतास?"

"तू द्यायचीस म्हणून. मग तूच बोललीस, यायला नको…"

"मला तुझा नंबर पाहिजे होता रे," मी म्हटलं. "म्हणून दिलं ते अ‍ॅप."



"नंबर तर दिलेला," तो हळूच म्हणाला. "फोन तरी करशील, म्हणून लय वाट बघितली. आता म्हशाची जत्रा झाली का माझं लगीन हाय. भागी नाव तिचं. चांगली हाय."

मला रडू येत होतं, म्हणून मी थट्टा केली. "तिला तरी धड दिलास ना नंबर?"

"तिनंच मागितला," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी."

दुसऱ्या पहाटे गठ्ठा टाकायला आलेल्या मंगळूकाकांना मी सांगितलं, उद्यापासून गुलाबी पेपर नको. वर्षभर तो एक अंक रोज येत होता, आणि संध्याकाळी मी तो तसाच परत पाठवत होते.